लॉक आहे, एमईआर आहे, तरी चित्र अडकतंय: डीएटीव्ही ट्रान्समीटरच्या फर्मवेअर अपडेटनंतरचं एक प्रकरण

स्टेशन एका ज्येष्ठ हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. क्यूओ-१०० या उपग्रहावर हौशी डिजिटल टीव्ही (डीएटीव्ही) पाठवणारं साधंच पण व्यवस्थित लावलेलं स्टेशन. हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेला, फेब्रुवारी २०१९ पासून हॅम लोकांना वापरायला मिळाला, २५.९ अंश पूर्वेला उभा आहे आणि त्याच्या वाइडबँड ट्रान्सपॉन्डरची (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या भागाची) रुंदी आहे ८ मेगाहर्ट्झ. त्यात आपण २४०१.५ ते २४०९.५ मेगाहर्ट्झवर वर पाठवायचं, खाली ते ८०८९.५ मेगाहर्ट्झ वर सरकून १०४९१ ते १०४९९ मध्ये येतं. काका नेहमी २४०५.२५ वर ३३३ केएस (सेकंदाला ३३३ हजार सिम्बॉल) सिम्बॉल रेटने पाठवायचे, डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीचं मानक), क्यूपीएसके (एका सिम्बॉलमध्ये दोन बिट), एफईसी २/३ (तीनातले दोन बिट कामाचे, एक चुका दुरुस्त करायला). पीसीवर ओबीएस (चित्र आणि आवाज एन्कोड करणारं सॉफ्टवेअर), तिथून आरटीएमपीने (नेटवर्कवरून स्ट्रीम पाठवायची पद्धत) प्लूटो (सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ, इथे हाच मॉड्युलेटर), पुढे ड्रायव्हर अॅम्प्लिफायर, पीए म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर, आणि डिश. ऐकायला वेगळी डिश, एलएनबी (डिशवरचा रिसीव्हिंग डबा), मिनीट्यूनर (रिसीव्हर) आणि त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. बरेच दिवस हात न लावता चालणारं सगळं, आणि हात न लावता चालतंय म्हणजे कुणीतरी एक दिवस हात लावणारच.

झालं असं की प्लूटोसाठी जे कम्युनिटी फर्मवेअर काका वापरत होते (नाव मुद्दाम घेत नाही, चांगली मंडळी आहेत, फुकटात काम करतात) त्याची नवी आवृत्ती आली. वेब पेज नवं, नेटवर्कवरून (एमक्यूटीटीने) कंट्रोल, आणि कमी सिम्बॉल रेटला रिसीव्हर लवकर लॉक होतो, म्हणजे सिग्नल पकडतो, असं सगळे सांगत होते. त्याच दिवशी ओबीएसनेही स्वतःची नवी आवृत्ती पुढे केली होती, तीही टाकली गेली. आणि रिसीव्हरच्या पायवर नवं एसडी कार्ड बसलं. एका दिवसात तिन्ही गोष्टी बदलल्या, पुढचा अर्धा गोंधळ इथेच पेरला गेला.

प्लूटोचं अपडेट करायची पद्धत सोपी आहे. यूएसबीला लावला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात प्लूटो डॉट एफआरएम फाइल टाकायची, मग ड्राइव्ह इजेक्ट करायचा. इजेक्ट केल्यावरच फ्लॅशमध्ये लिहायला सुरुवात होते, एलईडी भराभर लुकलुकतो आणि ते चार-एक मिनिटं चालू शकतं. तेवढा वेळ केबलला हात लावायचा नाही. इथे केबलला कुणी हात लावलाही नव्हता, पण मधला यूएसबी हब ऐनवेळी झोपला आणि प्लूटोची वीज गेली. परत लावल्यावर ना ड्राइव्ह, ना १९२.१६८.२.१ हा त्याचा नेटवर्क पत्ता, काहीच नाही.

यात घाबरण्यासारखं खरंच काही नाही. प्लूटोच्या अंगावर एक बारीक बटण आहे, ते टाचणीने दाबून धरायचं आणि तसंच धरून यूएसबी लावायची, की तो डीएफयू मोडमध्ये (फर्मवेअर थेट लिहून घ्यायच्या स्थितीत) उठतो आणि पीसीवरून फर्मवेअर सरळ फ्लॅशमध्ये ढकलता येतं. काकांच्या पुतण्याने ते केलं, आणि करताना कुठल्यातरी लेखात लिहिलं होतं म्हणून यू-बूटच्या (प्लूटो सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) एन्व्हायर्न्मेंटची, म्हणजे सेटिंग्जची, फाइलही सोबत टाकली, म्हणजे कसं एकदम स्वच्छ. प्लूटो उठला. पण एन्व्हायर्न्मेंट हा फ्लॅशचा वेगळा कोपरा असतो, साध्या अपडेटमध्ये तो तसाच राहतो, आणि तुम्ही वर्षानुवर्षं करून ठेवलेल्या खास सेटिंग्ज नेमक्या तिथेच बसलेल्या असतात. त्या सगळ्या गेल्या, आणि त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग टेस्ट. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या भारावर) एकदा पॉवर बघितली, कारण नव्या आवृत्तीत गेनचा स्लायडर वेगळ्या मापाने चालतो हे वाचलं होतं. हे एक काम त्यांनी फार चांगलं केलं. प्लूटोमधल्या चिपचं अॅटेन्युएशन (सिग्नल दाबायचं प्रमाण) ० ते ८९.७५ डीबी, पाव-पाव डीबीच्या पायरीने जातं, आणि वरचं सॉफ्टवेअर त्याला टक्के म्हणेल की डीबी म्हणेल की आणखी काही, ते आवृत्तीगणिक बदलू शकतं. जुना आकडा नव्या खिडकीत तसाच टाईप केला आणि पीएला पोटभर ड्राइव्ह मिळाला, असं होऊन पीए गेलेले आहेत. इथे तसं झालं नाही. डिशवर घेतलं, टेस्ट कार्ड मिनिटभर पाठवलं, मिनीट्यूनर लॉक, एमईआर (सिग्नल किती स्वच्छ येतोय याचं माप) साडेसात डीबी, चित्र स्वच्छ. क्यूपीएसके २/३ ला साधारण ३.१ डीबी पुरतात, म्हणजे चार डीबीच्या वर मार्जिन. अपडेट यशस्वी, चला जेवायला.

संध्याकाळी काका कॅमेऱ्यासमोर बसून बोलायला लागले तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. पहिली काही मिनिटं सगळं छान, मग समोरचा म्हणतो काका तुमचं उत्तर फार उशिरा येतंय, मग आणखी उशिरा, मग चित्र अडकतं, एक धक्का बसून पुढे उडी मारतं, परत अडकतं. ट्रान्समिशन बंद करून परत चालू केलं की पुन्हा ताजंतवानं, पुन्हा काही मिनिटं. आणि पूर्ण वेळ मिनीट्यूनरवर लॉक हिरवा, एमईआर जिथल्या तिथे, एकही एरर नाही.

फोन आला तेव्हा काका वैतागलेले होते. "अरे सिग्नल ठणठणीत आहे, पण चित्र मरतंय. केबल बदलली, पोर्ट बदलला, आता काय पीसी बदलू?"

"काका, ओबीएसमध्ये खाली ड्रॉप्ड फ्रेम्स काय दाखवतंय?"

"वाढतायत. नेटवर्क म्हणतंय."

या "नेटवर्क" शब्दाने फार वेळ खाल्ला. प्लूटो यूएसबीवरूनच नेटवर्क कार्ड असल्याचं सोंग करतो, त्यामुळे ओबीएसच्या दृष्टीने तो एक सर्व्हर, आणि तिकडे डेटा वेळेत जात नसेल तर ते नेटवर्कच्या नावाने ओरडणारच. त्यामुळे संशय आधी केबलवर, मग हबवर (त्याचा पूर्वेतिहास होताच), मग विंडोजच्या ड्रायव्हरवर, मग ओबीएसच्या नव्या आवृत्तीवर. ओबीएस जुनं परत टाकलं, काही फरक नाही. हे निदान उपयोगी पडलं, एक संशयित सुटला. बाकी सगळं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मध्येच आणखी एक खरी गडबड सापडली आणि तिने आम्हाला पूर्ण भलतीकडे नेलं. इंग्लंडमधल्या गूनहिलीला असलेल्या वाइडबँड स्पेक्ट्रम मॉनिटरवर नीट बघितलं तर काकांचा सिग्नल जागेवरून २४ किलोहर्ट्झच्या आसपास सरकलेला. आधी एलएनबीवर ढकललं, पण मॉनिटर म्हणजे दुसऱ्याच्या अँटेनावरचं चित्र, त्यात आपल्या एलएनबीचा काय संबंध, सरकला असेल तर ट्रान्समीटरच. २४०५ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम (दहा लाखात एक) म्हणजे २.४ किलोहर्ट्झ, म्हणजे चूक १० पीपीएमची. प्लूटोच्या आतल्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी काकांनी कधीकाळी मोजून एक्सओ करेक्शन म्हणून भरून ठेवली होती, ती एन्व्हायर्न्मेंटबरोबर पुसली गेली होती. ड्राइव्हवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये आकडा परत भरला, इजेक्ट केलं, सिग्नल जागेवर आला. सगळे खूश, आणि दहा मिनिटांनी चित्र परत अडकलं. होणारच होतं, कारण ३३३ केएसचा सिग्नल २४ किलोहर्ट्झ सरकला तरी रिसीव्हर त्याला आरामात शोधून लॉक करतो, फ्रिक्वेन्सीच्या चुकीने चित्र अडकत असतं तर लॉकच डळमळला असता. पण खरा दोष हाताला लागला की माणसाला वाटतं हाच तो दोष.

त्यानंतर मात्र उपग्रह बाजूला ठेवून टेबलावर बसायचं ठरलं. प्लूटो १२५५ मेगाहर्ट्झवर लावला, मध्ये ५०-६० डीबीचे अॅटेन्युएटर, आणि सरळ मिनीट्यूनरमध्ये. इथे एक इशारा देऊनच पुढे जातो, मिनीट्यूनरच्या सॉकेटवर एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट येत असतील तर ते आधी बंद करा आणि डीसी ब्लॉक लावा, नाहीतर प्लूटोचं आउटपुट कायमचं शांत होईल आणि मग हे प्रकरण वेगळ्याच शीर्षकाखाली लिहावं लागेल. टेबलावरसुद्धा तोच आजार, तसाच, तितक्याच वेळाने. म्हणजे डिश, पीए, एलएनबी, उपग्रह सगळे निर्दोष. जुनी फर्मवेअर फाइल काकांच्या जुन्या लॅपटॉपवर होती (नशीब म्हणायचं, कारण डाऊनलोडच्या जागेवर फक्त नवीच होती), ती टाकली आणि तासभर चालवलं, एक अडखळ नाही. नवी टाकली, आजार परत. आता चोर फर्मवेअरमध्येच, पण नेमका कुठे?

पायवरच्या रिसीव्हर सॉफ्टवेअरमध्ये एमईआरच्या खाली काही ओळी असतात ज्या कुणी वाचत नाही. त्यातली एक आहे नल पॅकेटचं प्रमाण. हे थोडं समजून घेण्यासारखं आहे. डीव्हीबीचा मॉड्युलेटर ठरलेल्या वेगाने सतत डेटा खातो, त्याला थांबता येत नाही. एन्कोडरकडून कमी आला तर उरलेली जागा पीआयडी (पॅकेटचा ओळख क्रमांक) ८१९१ च्या रिकाम्या पॅकेटांनी भरली जाते, म्हणजे नल पॅकेट हा तुमचा श्वास घ्यायचा अवकाश. जुन्या फर्मवेअरवर ते साधारण ३ टक्के होते. नव्यावर शून्य, सलग शून्य. त्याच्याच शेजारी आणखी दोन खुणा: जुन्यावर फ्रेम (चित्राची नव्हे, मॉड्युलेटर एका वेळी पाठवतो तो डेटाचा गठ्ठा) नॉर्मल, पायलट (रिसीव्हरला आधार म्हणून मध्ये पेरलेले ठरलेले सिम्बॉल) बंद. नव्यावर फ्रेम शॉर्ट, पायलट चालू.

इथे कागद पेन्सिल घेतली. ३३३ केएस, क्यूपीएसके २/३, नॉर्मल फ्रेम, पायलट नाही, या हिशेबात एका फ्रेमला ३२,४९० सिम्बॉल लागतात आणि त्यातून ४२,९६० बिट कामाचे मिळतात, म्हणजे सेकंदाला ४४० किलोबिट. पायलट चालू केले की त्याच फ्रेममध्ये ३६ सिम्बॉलचे २२ तुकडे जास्तीचे घुसतात, ४३० वर येतो. शॉर्ट फ्रेम, पायलट नाही, ४२९. आणि शॉर्ट फ्रेम अधिक पायलट, ४२०. सिम्बॉल रेट तोच, एफईसी तोच, स्क्रीनवर दिसणारी रुंदी तीच, पण पाइपातून जाणारं पाणी वीस किलोबिटने कमी.

काकांच्या ओबीएसमध्ये व्हिडिओ ३७०, ऑडिओ ३२, हे आकडे हाताने भरलेले, जुन्या पाइपाला बरोबर बसतील असे घासून घेतलेले. दोन्ही मिळून ४०२, त्यावर ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची हेडरं, टेबलं वगैरे धरून ४२७ च्या आसपास. ४४० मध्ये ४२७ बसतो, तीन टक्के हवा राहते. ४२० मध्ये ४२७ बसत नाही. सेकंदाला सात किलोबिट मागे राहतात, मिनिटात चारशेच्या वर, म्हणजे दर मिनिटाला साधारण एक सेकंद उशीर साठत जातो. प्लूटोमधला बफर भरेपर्यंत फक्त उशीर वाढतो, भरला की टीसीपी (डेटा पोचवायची नेटवर्कची पद्धत) मागे दाब देतो, ओबीएसला वाटतं नेटवर्क संथ झालं आणि ते फ्रेम टाकायला लागतं. टाकी कोठून ओसंडतेय ते कळलं आणि सगळी लक्षणं एका ओळीत बसली: पहिली काही मिनिटं का चांगली, परत चालू केल्यावर का चांगलं, एमईआर का हलत नाही, आणि मिनिटभराच्या टेस्ट कार्डने दुपारी सगळ्यांना का फसवलं.

आता फर्मवेअरवाल्यांनी हे का बदललं? माझ्या मते बदल चुकीचा नाही. ६६ केएसला नॉर्मल फ्रेम पायलटसकट अर्धा सेकंद घेते, रिसीव्हरला लॉक व्हायला अशा काही फ्रेम लागतात, म्हणजे तिथे माणूस नुसता बघत बसतो. शॉर्ट फ्रेमने तो वेळ साधारण एक चतुर्थांश होतो. पायलटने कमी सिम्बॉल रेटला एलएनबीच्या फेज नॉइजशी (सिग्नलच्या बारीक थरथरीशी) झुंजायला मदत होते. ज्यांनी ते डीफॉल्ट केलं ते स्वतः ६६ आणि ३५ केएसवर खेळणारे लोक असणार. रिलीज नोट्समध्ये एक ओळ होतीसुद्धा, कमी सिम्बॉल रेटसाठी डीफॉल्ट सुधारले अशा अर्थाची. पण त्या ओळीत असं नव्हतं की यामुळे तुमचा उपलब्ध बिटरेट पाच टक्क्यांच्या जवळपास घटेल, आणि ज्याचा एन्कोडर बाहेर पीसीवर आहे त्याला ते सांगणं गरजेचं होतं. एन्कोडर आणि मॉड्युलेटर एकाच डब्यात असतील तर सॉफ्टवेअर हिशेब करून व्हिडिओचा वेग आपोआप कमी करतं, पोर्ट्सडाउनसारख्या पूर्ण सिस्टीममध्ये हा हिशेब आतल्या आत होतो. ओबीएसकडून ढकललेल्या स्ट्रीमला मात्र प्लूटो "तुझा बिटरेट कमी कर" असं सांगत नाही.

उपाय काढताना दोन मतं पडली. पुतण्याचं म्हणणं जुनं फर्मवेअर ठेवू, चालतंय ना. काकांना नवं वेब पेज आवडलं होतं, फोनवरून कंट्रोल करता येतं म्हणून. शेवटी नवं ठेवलं, फ्रेम नॉर्मल केली कारण ३३३ केएसला नॉर्मल फ्रेम एक दशांश सेकंदाचीच असते आणि तिथे शॉर्टचा फायदा नगण्य, पायलट चालू ठेवले कारण काकांचा एलएनबी आता म्हातारा झालाय, आणि व्हिडिओ ३७० चा ३५५ केला. हिशेबाने ४३० च्या पाइपात ४११, नल पॅकेट चार टक्क्यांच्या थोडे वर. टेबलावर लांबलचक चालवून बघितलं, नल पॅकेट तिथेच स्थिर, मग डिशवर. चित्रात १५ किलोबिटचा फरक मला तरी दिसत नाही. काका म्हणतात दिसतो. त्यांच्या मागच्या पडद्यावर बारीक नक्षी आहे, तिथे बघा म्हणतात.

फ्रेम आणि पायलटची सेटिंग रीबूटनंतरही टिकते का हे वेगळं तपासावं लागलं, आणि हे तपासणं बरं झालं. प्लूटोची फाइल सिस्टीम रॅममध्ये उघडते, आत केलेले बदल वीज गेली की उडून जातात, टिकायचं असेल ते फ्लॅशमधल्या वेगळ्या पार्टिशनवर लिहावं लागतं. वेब पेजवरचं अप्लाय दाबून फक्त चालू सेटिंग बदलत होती, सेव्ह वेगळं होतं, पानाच्या अगदी खाली. सेव्ह न करता सोडलं असतं तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर हेच सगळं पुन्हा. आणखी एक किरकोळ गोष्ट, नव्या फर्मवेअरनंतर प्लूटोची एसएसएचची (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनची) ओळख बदलली होती, त्यामुळे पीसीवरची जी छोटी स्क्रिप्ट पीटीटी (ट्रान्समिटचा स्विच) सोडायची ती "होस्ट की बदलली" म्हणून गुपचूप थांबली होती. जुनी की काढली, चालू.

पायचं एसडी कार्ड या सगळ्यात अगदी निरपराध निघालं, पण तिथे एक वाद टळला. कुणीतरी सुचवलं होतं की जुन्या कार्डवरच ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण अपग्रेड करू. पायवर ऑपरेटिंग सिस्टीमच्या बस्टर आवृत्तीकडून पुढच्या बुल्सआयकडे जाताना जुनी कॅमेरा आणि व्हिडिओ एन्कोडरची व्यवस्थाच बदलली, आणि त्यावर उभं असलेलं कितीतरी डीएटीव्ही सॉफ्टवेअर तिथे मोडतं. नवं कार्ड घ्या, नव्याने इमेज लिहा, जुनं कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख टाका. काकांनी तसंच केलं होतं, म्हणून रिसीव्हरवर संशय आला तेव्हा कार्ड बदलून दोन मिनिटांत तो निकालात निघाला. प्लूटोच्या बाबतीत हे जमण्यासारखंच असतं, जुनी एफआरएम फाइल आणि कॉन्फिग फाइलची एक कॉपी, बस. आता दोन्ही काकांच्या पीसीवर एका फोल्डरमध्ये आहेत, आणि ओबीएसच्या प्रोफाइलच्या नावातच "नॉर्मल पायलट ३५५" असं लिहिलंय.

पुसल्या गेलेल्या एन्व्हायर्न्मेंटचं शेवटचं बिल बरंच उशिरा आलं. काकांनी एका मित्राबरोबर ५.६ गिगाहर्ट्झवर जमिनीवरून जमिनीवर टीव्ही करायचं ठरवलं, सगळं मांडलं, आणि प्लूटोतून तिथे काहीच निघेना. मूळ प्लूटो एडी९३६३ या रेडिओ चिपचा म्हणून चालतो, त्याची अधिकृत मर्यादा ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ. लोक एन्व्हायर्न्मेंटमध्ये एक ओळ बदलून त्याला एडी९३६४ समजायला लावतात, मग ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ मिळतं. ती ओळ डीएफयूच्या दिवशी गेली होती. २.४ गिगाहर्ट्झ दोन्ही मर्यादांच्या आत येतो, त्यामुळे उपग्रहावर इतके दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. ओळ परत टाकली, रीबूट केला, ५.६ वर सिग्नल आला, आणि या वेळी काकांनी मला फोन करायच्या आधी नल पॅकेट बघितले होते.